फरशीखालचा वास्तुपुरुष

विलेपार्ले पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर 'सुमुख' नावाची एक जुनी इमारत आहे. निदान हे लिहीपर्यंत तरी आहे. तिच्या तळमजल्यावर मार्तंडराव खांबेटे राहत. 'राहत' हा शब्द तसा अपुरा. ते तिथे देखरेख करत. पाण्याची टाकी कधी भरावी, जिन्यात चपला कुणी काढाव्यात, कचऱ्याच्या डब्यात ओलं कुठे नि सुकं कुठे, या सगळ्यावर त्यांचं लक्ष असे. एका विमा कंपनीत त्यांनी जन्मभर अंतर्गत तपासणी केली होती. दुसऱ्यांच्या चुका काढल्याबद्दल पगार मिळण्याचं भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येतं. निवृत्तीनंतर पगार थांबला, पण चुका काढणं त्यांनी समाजसेवा म्हणून चालू ठेवलं.

निवृत्त माणसाने छंद जोपासावा, असंही त्यांनी कुठेसं वाचलं होतं. त्यांनी आधी बासरी घेतली. बासरीतून फुंकर छान येई, सूर तेवढा येत नसे. काही महिन्यांनी त्यांनी निकाल दिला की बांबूच निकृष्ट आहे. मग बोन्साय झालं. वडाचं रोप कुंडीतल्या कुंडीत वाळलं, त्यात दोष मातीचा निघाला. मग घरी पाव भाजण्याचा काळ आला. तो पाव कापायला पत्नीने, म्हणजे कुंदाताईंनी, नारळ फोडायचा कोयता काढला, तेव्हा ओव्हन सदोष ठरला. प्रत्येक छंदाच्या शेवटी एक आरोपी सापडे आणि प्रकरण बंद होई. आरोपींच्या यादीत मार्तंडरावांचं नाव कधीच नव्हतं. बासरी कुंदाताई आता पंख्यावरची जळमटं काढायला वापरतात.

अशात त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा परदेशी समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्याच वयाचा, त्यांच्यासारखंच पोट असलेला एक गृहस्थ दांडीला लावलेली ताटली वाळूवरून फिरवत होता. ताटली किणकिणली, गृहस्थ वाकला आणि सोन्याची अंगठी घेऊन उभा राहिला. मार्तंडरावांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. जमिनीखाली दडलेलं शोधून काढायचं, तेही उभ्या उभ्या! हे काम आपल्यासाठीच जन्माला आलं आहे, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

यंत्र आलं. मुलगा यज्ञेश मुलुंडला राहतो, त्याने ते ऑनलाइन मागवून दिलं. वडिलांना काहीतरी मागवून दिलं की पुढचे दोन-तीन रविवार मुलुंडहून पार्ल्याला यावं लागत नाही, हा शोध त्याने बासरीच्या वेळीच लावला होता.

आता यंत्र नुसतं असून भागत नाही, त्यातून चांगला निकाल काढणं ही विद्या आहे, असं मार्तंडराव पहिल्याच दिवशी सांगू लागले. ऐकायला वरच्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश असत. त्यांचे वडील लालबागला गिरणीत होते, मूळ घर मालवणकडचं. स्वतः चंद्रप्रकाश कुरिअर कंपनीतून सुटून घरी बसले होते आणि फुकट करमणुकीला ते नाही म्हणत नसत. मार्तंडराव त्यांना समजावून सांगत. ताटली जमिनीला घासू द्यायची नाही, पण वीतभर वरही धरायची नाही. झाडू मारल्यासारखी भराभर फिरवायची नाही. मागच्या फेरीचा थोडा पट्टा पुढच्या फेरीत पुन्हा यायला हवा, नाहीतर मधली जागा सुटते. कानाला हेडफोन हवेतच, कारण खोलवरच्या वस्तूचा आवाज बारीक असतो आणि बाहेरच्या गोंगाटात तो बुडून जातो. हे सगळं खरं होतं, ते तुम्हीही लक्षात ठेवा. मार्तंडरावांचं ज्ञान नेहमीच खरं असे, फक्त त्याचा उपयोग होत नसे.

पण सगळ्यात मोठी विद्या पुढची. यंत्राच्या पडद्यावर धातूंचे खण होते: लोखंड, पत्रा, सोनं, तांबं, चांदी. नको तो खण बंद केला की त्या धातूवर यंत्र गप्प राहतं. मार्तंडरावांच्या मते अख्ख्या यंत्रात हीच काय ती जमलेली गोष्ट होती. माणसांच्या बाबतीत ते हे जन्मभर करत आले होते, आता यंत्रात तशी सोय निघाली होती. त्यांनी सोन्याचा खण तेवढा उघडा ठेवला आणि बाकीचे सगळे बंद करून टाकले.

"आपल्याला कचरा ऐकायचाच नाही," ते म्हणाले.

पहिली मोहीम गोराईला निघाली. बोरिवलीहून धक्क्यावर जाऊन दोघे फेरीबोटीत बसले. मार्तंडरावांनी उन्हाची टोपी, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि मुठीचं फावडं असा सरंजाम केला होता. बोटीतल्या एका बाईने त्यांना, खेकडे पकडायला चाललात का, असं सरळ मनाने विचारलं. किनाऱ्यावर त्यांनी दुपारपर्यंत ताटली फिरवली. सोन्याचा आवाज कितीदा तरी आला आणि दर वेळी वाळूतून थंड पेयाच्या बाटलीचं झाकण, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा गोळ्यांचं रिकामं पान निघालं. या पातळ कचऱ्याचा आणि बारीक सोन्याचा आवाज यंत्राला एकसारखाच लागतो. सोनं हवं असेल तर झाकणं उचलावीच लागतात, त्यातून कुणाची सुटका नाही. मार्तंडरावांनी मात्र यंत्राच्या कंपनीला एक खरमरीत ईमेल लिहिला.

तिथे एक कोळीण मासळी वाळत घालत होती. तिने बराच वेळ बघून, काय हरवलंय, असं विचारलं. काही हरवलेलं नाही, असं मार्तंडरावांनी सांगितल्यावर तिने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा चंद्रप्रकाशांकडे पाहिलं, आणि चंद्रप्रकाशांना मान हलवून सहानुभूती दाखवली.

पुढे खारदांड्यालाही एक मोहीम झाली. झाकणांचा साठा वाढला. मग मात्र खरोखरच काहीतरी शोधायची वेळ आली.

'सुमुख' पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. बिल्डरचे कागद सह्या होऊन गेले होते आणि दिवाळी झाली की घरं रिकामी करून किल्ल्या द्यायच्या होत्या. मार्तंडरावांनी बोरिवलीला भाड्याची जागा बघून तिच्यातल्या चुका काढून ठेवल्या होत्या. सामान बांधायला सुरुवात झाली तशी कुंदाताईंनी एके सकाळी चहा ठेवता ठेवता सांगितलं की सगळ्याच्या आधी वास्तुपुरुष काढून घ्यायचा.

नव्या घरात राहायला जाताना वास्तुशांत करतात आणि वास्तुपुरुषाची बोटभर प्रतिमा आग्नेयेच्या कोपऱ्यात जमिनीत पालथी पुरतात. घर सांभाळणं हे त्याचं काम. 'सुमुख' बांधून झाली तेव्हा मार्तंडरावांच्या वडिलांनी, भाऊरावांनी, ही वास्तुशांत केली. तेव्हा कुंदाताई लग्न होऊन नुकत्याच घरात आल्या होत्या. मार्तंडराव ऐन मुहूर्ताला जिलबी आणायला गेले होते आणि हलवायाच्या वजनकाट्यात चूक काढत बसल्यामुळे परत येईपर्यंत प्रतिमा पुरून वर फरशी बसली होती. पुढे भाऊराव आल्या-गेल्याला अभिमानाने सांगत, "खाली सोन्याचा पुरुष घातलाय." हे वाक्य मार्तंडराव तरुणपणापासून ऐकत आले होते.

पुरुष बसवला त्या वर्षापासून कुंदाताई दर अमावास्येला त्या कोपऱ्यात पणती लावत. दिवाळीत पहिला नैवेद्य देवाला आणि दुसरा तिथे. स्वयंपाकघरातला तो कोपरा, तांदळाचा मोठा पत्र्याचा डबा असे त्याच्या शेजारी. मार्तंडरावांच्या दृष्टीने ही एक निरुपद्रवी सवय होती, त्यांच्या वर्तमानपत्रासारखी.

"वर ती यंत्रं फिरणार, सगळं भुईसपाट करणार," कुंदाताई म्हणाल्या. "त्याला खाली ठेवून मी घराची किल्ली देणार नाही. तुम्ही काय ते बघा."

कुंदाताई हट्ट करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यामुळे त्या म्हणाल्या ते होणार, हे मार्तंडरावांना कळत होतं. पण त्यांना त्याची चिंता वाटली नाही, उलट हर्ष झाला. घरात सोनं, डोक्यावर टोपीची गरज नाही, हाताशी यंत्र! त्यांनी डबा ओढून बाजूला केला, हेडफोन चढवले आणि ताटली कोपऱ्यावर आणली.

कुंदाताई ओट्याशी उभ्या राहून काहीतरी सांगत होत्या. मार्तंडरावांनी त्यांच्याकडे न बघता एक बोट वर केलं. शोध चालू असताना बोलायचं नाही, हा नियम त्यांनी घरात आधीच जाहीर केला होता. कुंदाताई पुन्हा काहीतरी बोलल्या. मार्तंडरावांनी ऐकल्यासारखी मान हलवली. संसारात ही मान त्यांच्या फार उपयोगी पडली होती.

यंत्र गप्प होतं. त्यांनी सावकाश फिरवलं, आडवं फिरवलं, उभं फिरवलं. मागच्या फेरीचा पट्टा पुढच्या फेरीत घेतला. नियम म्हणून एक चुकला नाही. तरी यंत्राने हूं की चूं केलं नाही. त्यांनी हेडफोन काढले आणि विम्याचा दावा नामंजूर करायच्या आवाजात सांगितलं, "इथे काही नाही."

"असं कसं? इथेच आहे," कुंदाताई म्हणाल्या. "माझ्यासमोर घातलाय."

मार्तंडरावांनी त्यांना समजावलं की माणसाची आठवण चुकते, यंत्राची चुकत नाही. मग त्यांनी जागा बदलली. आग्नेय म्हणजे नेमकी कुठली, यावर तज्ज्ञांत मतभेद असू शकतात, म्हणून त्यांनी चारही कोपरे घेतले. पुढचे काही दिवस घरात चालणं अवघड झालं. सोन्याचा आवाज पलंगाखाली आला, तिथे चॉकलेटचा कागद निघाला. मोरीच्या उंबऱ्याशी आला, तिथली फरशी फोडल्यावर कुठल्याशा जुन्या मलमाची चेपलेली नळी हाती लागली. देवघरासमोर आला तेव्हा मार्तंडरावांनी छिन्नी उचलली. तो आवाज त्यांच्याच खिशातल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांचा होता. खिडकीतून चंद्रप्रकाश रोज डोकावून विचारत, "काय मेल्या, गावलो काय तुझो बाप्या?" आणि उत्तराची वाट न बघता दूध आणायला जात.

शेवटी मार्तंडरावांमधला तपासनीस जागा झाला. वस्तू होती, ती आता नाही, म्हणजे कुणीतरी नेली. आणि त्यांना आठवलं की काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघराची फरशी नवी केली होती. कुंदाताई तेव्हा बहिणीकडे गेल्या होत्या आणि काम घाटकोपरच्या निलेशने केलं होतं. निलेशचे आजोबा रत्नागिरीकडून गिरणीत आलेले. हा फरशीकामाची छोटी कंत्राटं घेई. कुंदाताईंना काकी म्हणे आणि गणपतीत न चुकता दर्शनाला येई.

आरोपी सापडला. प्रकरण आता नेहमीच्या वळणावर आलं.

मार्तंडरावांनी फोन केला तेव्हा कुंदाताई समोरच होत्या. ते चोर असं म्हणाले नाहीत. जन्मभर तपासणी केलेला माणूस असा शब्द वापरत नाही. ते म्हणाले की त्या कामाच्या वेळी फरशीखालून एखादी पिवळी वस्तू मजुरांच्या हाती लागली असेल तर झालं गेलं विसरून ती परत करावी, काही विचारलं जाणार नाही. निलेशने पलीकडून बरंच काही सांगायचा प्रयत्न केला. मार्तंडराव मधेमधे "ते सगळं ठीक आहे" म्हणत राहिले. शेवटी निलेश एवढंच म्हणाला, "काका, देवाच्या वस्तूला आमच्यात कोण हात नाय लावत," आणि त्याने फोन ठेवला.

"बघितलंस?" मार्तंडराव म्हणाले. "ठेवला फोन."

संध्याकाळी यज्ञेशचा फोन आला तेव्हा कुंदाताईंनी त्याला विचारलं की यंत्र चुकू शकतं का. यज्ञेशला मीटिंग होती. आई, मशीन कशाला खोटं बोलेल, असं म्हणून तो सुटला. कुंदाताईंनी त्यानंतर कुणालाच काही विचारलं नाही.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मार्तंडराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर तांदळाच्या डब्याशेजारी अंधार होता. बाकी घरभर पणत्या होत्या. दारात, खिडकीत, मोरीच्या फुटक्या उंबऱ्यावरसुद्धा. तिथे तेवढी नव्हती. त्यांनी हाक मारून विचारलं, इथली पणती राहिली का.

"राहिली नाही," कुंदाताई म्हणाल्या. "रिकाम्या फरशीला कशाला लावू? इतकी वर्षं लावली ती पुरे झाली."

त्यांचा आवाज चिडका नव्हता. चिडका असता तर मार्तंडरावांनी त्याला उत्तर दिलं असतं. पण हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. या बाईने सासू-सासऱ्यांची आजारपणं, यज्ञेशचं मलेरियाने जाता जाता राहणं, आपल्या बासरीचे ते महिने, सगळं याच घरात काढलं, आणि दर वेळी त्या कोपऱ्यात जाऊन ती कुणाशी तरी बोलून येत होती. आता तिला वाटत होतं की तिथे कुणी नव्हतंच. आणि हे तिला सांगितलं कुणी, तर आपण. मार्तंडरावांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. ते दूर करायचा त्यांना एकच मार्ग दिसला. त्यांनी यंत्राची बॅटरी बदलली.

नव्या बॅटरीनेही काही झालं नाही. दिवाळी सरली, बिल्डरच्या माणसाच्या चकरा सुरू झाल्या. कुंदाताईंनी किल्लीबद्दल बोलणं सोडलं, आता कधीही देऊन टाका म्हणाल्या. मार्तंडरावांना हवा होता तो होकार मिळाला होता आणि तो त्यांना घशाखाली उतरत नव्हता.

बांधाबांधीच्या शेवटच्या दिवसांत कुंदाताई मोरीत तांब्याची भांडी घेऊन बसल्या होत्या. बंब, कळशी, पूजेची ताम्हनं, अशी माळ्यावरून काढलेली काळीठिक्कर भांडी. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून त्या घासत होत्या. मार्तंडराव तिथेच स्टुलावर बसून यंत्राची दांडी सुटी करत होते. नव्या जागेत ते माळ्यावर जाईल हे त्यांनी न सांगता ठरवून टाकलं होतं. हेडफोन त्यांनी आधीच खोक्यात भरले होते.

"लग्न होऊन आले तेव्हा पहिलं काम मला हेच लावलं होतं मामंजींनी," ताम्हन धुताना कुंदाताई म्हणाल्या. "चिंच हातात देऊन म्हणाले, एवढा आमचा पुरुष चकचकीत कर बघू. दुकानात पडून पडून पार काळा झाला होता."

"कोण काळा झाला होता?"

"वास्तुपुरुष. दुसरा कोण?"

मार्तंडरावांच्या हातातला स्क्रू खाली पडला. "सोनं काळं पडत नाही," ते म्हणाले.

"सोन्याचा कुठला? तांब्याचा होता. जागेचे पैसे भरून मामंजींकडे काय उरलं होतं सोनं घ्यायला? मी असा घासला की भटजींनी विचारलं, सोन्याचा का हो. मामंजी हो म्हणाले. मग एकदा हो म्हणाले ते पुढे सगळ्यांना तेच सांगत राहिले." त्यांनी ताम्हन पालथं घातलं. "मला मेलीला तेव्हा केवढा आनंद झाला होता."

मार्तंडरावांनी दांडी परत जोडली. त्यांनी पडद्यावरचे खण बघितले. सोनं उघडं, तांबं बंद. लोखंड बंद, पत्रा बंद, चांदी बंद. इतके दिवस त्यांनी हे यंत्र घरभर फिरवलं होतं आणि तांबं दिसलं तर तोंड उघडायचं नाही, असं त्याला स्वतःच बजावून ठेवलं होतं. त्याने बिचाऱ्याने आज्ञा पाळली होती. मार्तंडरावांनी एकेक करून सगळे खण उघडले. यंत्र लगेच कलकलाट करू लागलं. खिळे, टाचण्या, बंब, कुंदाताईंच्या बांगड्या, सगळ्या घराने एकदम बोलायला सुरुवात केली. हेडफोन नव्हते म्हणून तो आवाज घरभर घुमला आणि मार्तंडराव यंत्र घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले तशा कुंदाताई हात न धुताच त्यांच्यामागे आल्या.

मार्तंडरावांनी तांदळाचा डबा आणखी लांब सरकवला. ताटली कोपऱ्यात नेली. एका जागी यंत्र स्वच्छ, मोठ्याने आणि दर फेरीला वाजलं. आठवणीत चूक नव्हती. जिथे पणतीच्या तेलाचे डाग होते, बरोबर तिथे.

हातोडी-छिन्नी घेऊन मार्तंडराव जमिनीवर बसले. वरची फरशी निघाली. खाली सिमेंटचा थर निघाला आणि त्याखाली आणखी एक फरशी दिसली, जुनी, ठिपक्याठिपक्यांची, अखंड. मार्तंडरावांना आठवलं. जुनं उखडायचं नाही, रॅबिट, म्हणजे फुटक्या फरशीचा राडारोडा, उचलायचा खर्च नको, वरूनच नवी बसव, असं निलेशला त्यांनीच सांगितलं होतं. निलेश नको म्हणत होता. फोनवर तो बहुधा हेच सांगू पाहत होता. त्याच्या मजुरांनी जुनी फरशी हलवलीसुद्धा नव्हती.

त्यांनी ती जुनी फरशी सावकाश सोडवली. खालची रेती बोटांनी उकरली. बोटाएवढी, हिरवी-काळी, पालथी प्रतिमा हाती आली. तिच्या पाठीला रेती चिकटली होती.

त्यांनी ती कुंदाताईंच्या हातावर ठेवली. कुंदाताई तिथेच जमिनीवर बसल्या. चिंचेने माखलेला अंगठा त्यांनी प्रतिमेच्या तोंडावरून फिरवला. अंगठ्याखालचं तांबं लालसर झालं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"होता," त्या म्हणाल्या. "मी लावत होते तेव्हा तो होता."

मार्तंडरावांना काहीतरी बोलणं भाग होतं. त्यांनी निकाल कसा सुधारता येतो, खण कसे उघडे ठेवायला हवेत, हे सांगायला घेतलं. मग ते थांबले. खरं म्हणजे त्यांना विचारायचं होतं वेगळंच.

"तांब्याचा आहे हे तू आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

कुंदाताईंनी वर बघितलं. "पहिल्याच दिवशी सांगितलं. ओट्यापाशी उभी राहून दोनदा सांगितलं. तुम्ही कानाला ते लावलं होतंत. बोट वर केलंत आणि मान हलवलीत."

मार्तंडरावांनी आजूबाजूला बघितलं. बांबू, माती, ओव्हन यांतलं कुणी आसपास नव्हतं. बाहेरून चंद्रप्रकाशांनी रोजचा प्रश्न विचारला. आज पहिल्यांदा कुंदाताईंनी त्याला उत्तर दिलं, "गावलो हो." मग पदराच्या टोकात प्रतिमा धरून त्या उठल्या. कपाळावर आलेले केस त्यांनी मनगटाने मागे सारले.

"आता आधी निलेशला फोन लावा," त्या म्हणाल्या. "मी पणती आणते."

मार्तंडरावांनी फोन लावला. पलीकडे घंटा बराच वेळ वाजत राहिली. मग फोन उचलला गेला आणि निलेश बोलायला लागला. त्याच्याकडे बोलायला बरंच साठलेलं होतं. मार्तंडराव फुटक्या फरशीशेजारी तसेच बसले होते, आणि या वेळी ते मधे काही न बोलता ऐकत राहिले.